छायाचित्रांची बारनिशी

पुण्यात कौन्सिल हॉलच्या परिसरात पुरालेखागाराची जी जुनी इमारत आहे आणि जिला पुणेकर आजही पेशवे दफ्तर म्हणूनच ओळखतात, तिच्या फडताळांतून मोडी कागदांचे हजारो रुमाल बांधून ठेवलेले आहेत. त्यांतील पुष्कळ पत्रांच्या अखेरीस चंद्राची तारीख असते, महिना असतो, ‘छ ११ रमजान’ किंवा ‘छ २४ जिल्हेज’ अशी स्वच्छ नोंद असते. नसते ते फक्त वर्ष. पत्र लिहिणाऱ्याला आणि ते ज्याच्याकडे रवाना व्हायचे त्याला चालू साल कोणते हे ठाऊकच होते, तेव्हा ते लिहिण्याची गरज त्या कारकुनाला भासली नाही. आणि हा कागद दोन-अडीचशे वर्षांनी एखाद्या सर्वस्वी परक्या माणसाच्या हाती पडेल, हे त्याच्या ध्यानीमनी येण्याचे काही कारणही नव्हते. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात याच दफ्तरातील निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड संपादून प्रसिद्ध केले, त्या कामात आणि विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांच्या पुढाकाराने १९१० साली स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळात अभ्यासकांच्या श्रमाचा फार मोठा वाटा एवढ्या एकाच गोष्टीवर खर्च झाला आहे की, समोरचे पत्र कोणत्या सालचे? मजकुरात कुठल्या मोहिमेचा उल्लेख आहे, फौजेचा मुक्काम कोठे पडला होता, कोण हयात होते आणि कोण निवर्तले होते, हे सारे ताडून, जंत्री उघडून, तिथी आणि वार जुळवून एकेका कागदाचे वर्ष निश्चित करावे लागले. त्या काळी चार अक्षरे अधिक लिहिली गेली असती, तर पुढचा हा सारा परिश्रम वाचला असता.

आज आपल्या घरोघरी असेच एक दफ्तर साठत चालले आहे, आणि ते छायाचित्रांचे आहे. खिशातल्या दूरध्वनीने, हातातल्या कॅमेऱ्याने एकेका कुटुंबात वर्षाला हजारांनी फोटो निघतात आणि ते संगणकावर उतरवले की त्यांची नावे काय असतात? आयएमजी चार हजार दोनशे सतरा, डीएससी शून्य शून्य त्र्याण्णव. ही नावे कॅमेऱ्याने आपल्या सोयीसाठी दिलेली असतात. बहुतेक कॅमेरे ज्या जपानी संकेताने चालतात, त्यात नावाला आठच अक्षरांची जागा असून त्यांतील शेवटचे चार आकडे अनुक्रमाचे असतात. म्हणजे ९९९९ झाले की कॅमेरा पुन्हा ०००१ पासून मोजू लागतो. त्यामुळे मुंजीचा एक फोटो आणि पाच वर्षांनंतरच्या लग्नाचा दुसरा फोटो अगदी एकाच नावाने वावरू शकतात, आणि हे दोन्ही एका फोल्डरमध्ये टाकू पाहिले की संगणक विचारतो, ‘जुनी फाइल बदलून नवी ठेवू का?’ घाईत ‘होय’ म्हटले की मुंजीचा फोटो गेला.

कोणत्याही सरकारी कचेरीत आवक-जावक बारनिशी ठेवण्याचा जो शिरस्ता आहे, त्याचे मर्म येथे उपयोगी पडते. बारनिशीत प्रत्येक कागदाला क्रमांक पडतो, वर्षारंभी तो पुन्हा एकपासून सुरू होतो, आणि म्हणून नुसता जावक क्रमांक कुणी विचारात घेत नाही. त्याच्या जोडीला साल आणि दिनांक लागतोच. छायाचित्राच्या नावातही नेमक्या याच दोन गोष्टी हव्यात: दिनांक आणि अनुक्रमांक. प्रथम वर्षाचे चार आकडे, मग आडवी रेघ, महिन्याचे दोन, पुन्हा रेघ, दिवसाचे दोन, आणि त्यानंतर चार आकडी क्रमांक. म्हणजे १७ सप्टेंबर २०२४ चा पहिला फोटो ‘२०२४-०९-१७_०००१’ असा झाला. हे नाव टंकताना आकडे मात्र इंग्रजी वापरावेत. देवनागरी आकडे आजचा संगणक स्वीकारतो, परंतु पुष्कळ कार्यक्रमांत तो त्यांना इंग्रजी आकड्यांपासून वेगळे काढून त्यांच्या मागे लावतो, आणि दोन्हींची सरमिसळ झाली की क्रमच बिघडतो.

वर्ष आधी का, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे, कारण आपल्याला दिवस, महिना, वर्ष या क्रमाचीच सवय आहे. संगणक नावे लावतो ती डावीकडून एकेक अक्षर ताडून. दिवस आधी लिहिला, तर दहा वर्षांतल्या प्रत्येक महिन्याच्या एक तारखेचे फोटो एकत्र येतील, मग सगळ्या दोन तारखांचे, आणि दिवाळीच्या मांडीला मांडी लावून वैशाखातले लग्न येऊन बसेल. वर्ष आधी ठेवले की अक्षरांचा क्रम आणि काळाचा क्रम एकच होतो. १९८८ साली दिनांकलेखनाचे जे आंतरराष्ट्रीय मानक ठरले, त्याने हाच क्रम मान्य केला आहे. डावीकडच्या शून्यांचेही कारण तेच. शून्ये न भरता एक, दोन, दहा असे क्रमांक दिले, तर पुष्कळ यंत्रे एकच्या पाठोपाठ दहा लावतात आणि दोनला मागे ढकलतात.

आता हा दिनांक आणावा कोठून? डिजिटल फोटोच्या फाइलीत चित्राखेरीज एक छोटा टिपणवजा मजकूर असतो. त्याला एक्झिफ म्हणतात. कॅमेऱ्याची कळ दाबली त्या क्षणाचे वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट आणि सेकंद त्यात नोंदलेले असतात. फाइलीच्या शेजारी संगणक जी तारीख दाखवतो ती निराळी. ती पुष्कळदा फाइल उतरवल्याची किंवा बदलल्याची असते, आणि तिच्या भरवशावर नावे देणे म्हणजे पत्र कोणत्या दिवशी रुमालात बांधले त्यावरून ते कधी लिहिले हे ठरवणे होय. एक्झिफमधील नोंद हीच अस्सल. परंतु कळ दाबून धरली की एका सेकंदात चार-चार, पाच-पाच फोटो निघतात, आणि त्या सर्वांवर तोच सेकंद पडतो. म्हणून वेळ असली तरी अनुक्रमांकावाचून सुटका नाही.

आणि ही अस्सल नोंदही ज्या घड्याळावर अवलंबून आहे, ते घड्याळ चुकलेले असू शकते. या मुद्द्यावर मी थोडे थांबू इच्छितो, कारण बहुतेक घोटाळ्यांचे मूळ येथेच सापडते. दूरध्वनी आपले घड्याळ जाळ्यावरून आपोआप लावून घेतो. कॅमेरा तसे सहसा करीत नाही. आपल्या पुण्याची विसर्जन मिरवणूकच घ्या. समजा, एका मंडळाचे तीन कार्यकर्ते तीन कॅमेरे घेऊन उभे आहेत. एकाचे घड्याळ बरोबर आहे, दुसऱ्याचे सात मिनिटे पुढे आहे, आणि तिसरा कॅमेरा न्यूजर्सीहून गणपतीसाठी आलेल्या आप्ताचा असून तिथलीच वेळ दाखवतो आहे, म्हणजे सप्टेंबरच्या हिशेबाने साडेनऊ तास मागे. मंडईत टिळक पुतळ्यापाशी सकाळी साडेदहाला टिपलेली कसबा गणपतीची पालखी त्या कॅमेऱ्याच्या मते उत्तररात्री एक वाजताची ठरेल; आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता अलका टॉकीज चौकात टिपलेला फोटो आदल्या रात्रीच्या साडेदहाचा म्हणून मिरवणुकीच्या मध्यभागी जाऊन बसेल. ढोलपथके आपापल्या जागा सोडून भलतीकडेच वाजू लागतील.

यावर तजवीज अगदी साधी आहे. मिरवणूक सुरू होण्यापूर्वी तिघांनीही एकाच घड्याळाचा एकेक फोटो काढून ठेवावा. नंतर संगणकावर त्या फोटोतील काटे आणि एक्झिफमधील वेळ शेजारी शेजारी ठेवून पाहिली की प्रत्येक कॅमेऱ्याचे अंतर कळते, आणि त्या कॅमेऱ्याचे सर्व फोटो तेवढ्या तासामिनिटांनी एकदम पुढे किंवा मागे सरकवता येतात. ही दुरुस्ती आधी करावी आणि नावे मागाहून द्यावीत. हा क्रम कदापि उलटू नये.

मिरवणुकीचाच आणखी एक पेच आहे. लक्ष्मी रस्त्यावरची ती गर्दी चोवीस तास उलटले तरी ओसरत नाही, आणि मध्यरात्री बाराला तारीख मात्र बदलते. २०२४ साली अनंत चतुर्दशी १७ सप्टेंबरला होती. उत्तररात्री दोन वाजता टिपलेल्या विद्युत रोषणाईच्या फोटोवर १८ तारीख पडणार. पंचांगाचा दिवस सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत चालतो, त्यामुळे कार्यकर्त्याच्या मनात ती रात्र चतुर्दशीचीच असते, आणि तारखेने आपल्या मिरवणुकीचे दोन तुकडे केले असे त्याला वाटणे रास्त आहे. तरीसुद्धा फाइलीच्या नावातील दिनांक बदलू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. नावात घड्याळाचे सत्य राहू द्यावे आणि प्रसंगाचे ऐक्य फोल्डरच्या नावाने राखावे: ‘२०२४-०९-१७ विसर्जन मिरवणूक’ असा एकच फोल्डर, आणि त्याच्या पोटात दोन्ही तारखांचे फोटो. अनुक्रमांकही मध्यरात्री पुन्हा एकवर न आणता सलग चालू द्यावा.

प्रत्यक्ष नावे देण्याचे काम यंत्राचे आहे. एकेका फाइलीवर बोटे झिजवण्याचे कारण नाही. विंडोजमध्ये सर्व फाइली निवडून एफ-दोन ही कळ दाबली की एकच नाव आणि पुढे कंसात क्रमांक असे एकसाथ देता येते, पण तो दिनांक फोटोतून वाचत नाही आणि शून्येही भरत नाही. त्यापेक्षा डिजीकॅम हा विनामूल्य कार्यक्रम बरा. त्यात दिनांक आणि अनुक्रमांकाचा साचा एकदा ठरवून दिला की शेकडो फोटो त्याबरहुकूम नाव धारण करतात. ज्यांना आज्ञा टंकून काम करण्याचा सराव आहे, त्यांच्यासाठी फिल हार्वी यांचे एक्झिफटूल आहे. वर सांगितलेली घड्याळाची दुरुस्तीही त्याने होते. साधन कोणतेही असो, मूळ फाइलींची एक प्रत दुसऱ्या तबकडीवर काढल्यावाचून हात घालू नये, आणि आधी पाचपंचवीस फोटोंवर प्रयोग करून पाहावा.

व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोंचा विचार स्वतंत्रपणे केला पाहिजे. तेथे फोटो आकुंचित होतो, त्यातील एक्झिफ नोंद गळून जाते, आणि जे नवे नाव मिळते त्यातली तारीख फोटो काढल्याची नसते. काकूंनी वीस वर्षांपूर्वीचा फोटो आज पाठवला, तर त्यावर आजचा दिनांक चढतो. म्हणून महत्त्वाचे फोटो पाठवताना ते ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावेत. अशाने मूळ फाइल जशीच्या तशी पोहोचते.

शेवटी, कागदावरच्या जुन्या फोटोंविषयी. स्कॅनरही आपल्या दिवसाची तारीख लावतो, त्यामुळे येथे दिनांक माणसालाच द्यावा लागतो. पेठांतल्या कितीतरी घरांत पानशेतच्या पुराचे फोटो असतील. त्यांतील ज्यात नदीचे पाणी प्रत्यक्ष दिसते, त्याला १२ जुलै १९६१ हा दिनांक निःशंकपणे देता येईल. परंतु जेथे नुसता चिखल उपसणारी माणसे आणि ढासळलेली भिंत दिसते, तेथे दिवस ठाऊक नाही, तर महिन्यापाशीच थांबून दिवसाच्या जागी दोन शून्ये लिहावीत. केवळ वर्ष माहीत असेल तर ‘१९५८-००-००’ असे लिहावे. तो फोटो आपोआप त्या वर्षाच्या आरंभी जाऊन बसेल. वर्षही तर्काने ठरवले असेल, तर नावाच्या शेवटी ‘अंदाजे’ हा शब्द जोडण्यात कसूर करू नये. आपल्या संशोधकांनी निश्चित मिती आणि अनुमित मिती यांत जो भेद काटेकोरपणे पाळला, तो घरगुती दफ्तरातही पाळला पाहिजे, कारण एकदा पक्के म्हणून लिहिलेले चुकीचे वर्ष पुढच्या पिढीला दुरुस्त करता येत नाही.

तेव्हा श्रोतेहो, येत्या सुट्टीत घरातील जुना अल्बम काढा, आजीआजोबांना शेजारी बसवा, एकेका फोटोची हकिकत विचारा, आणि मागच्या कोऱ्या बाजूस मऊ शिसपेन्सिलीने प्रथम साल लिहा.