खरा आंबा कोणता?
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चैत्रातल्या हळदीकुंकवाला कैरीची डाळ वाटता वाटता आपल्यात जो वाद झाला, तो येथे जमलेल्या बहुतेक जणींच्या लक्षात असेल. "खरा आंबा कोणता?" एवढाच प्रश्न होता, पण डाळ संपली, पन्हे संपले, तरी वाद काही संपेना. तेव्हा चिटणीसबाई मला म्हणाल्या, "तुमचे माहेर कोकणातले, सासर साताऱ्याकडचे. दोन्ही पक्ष तुम्हाला ठाऊक. वर्धापनदिनी तुम्हीच काय तो निकाल द्या." निकाल द्यायला मी उभी राहिले आहे खरी, पण त्याबरोबर मला एक कबुलीही द्यायची आहे. ती शेवटी देईन.

प्रथम हापूस. माझे माहेर राजापूर तालुक्यातले, तेव्हा मानाचा पाट त्याला द्यायला माझी ना नाही. १५१० साली गोवे जिंकणाऱ्या आफोन्सो द आल्बुकेर्क या पोर्तुगीजाचे नाव या फळाला मिळाले आणि आपल्या तोंडी त्याचा हापूस झाला. गर केशरी, रेषा नाही, आणि आढीत पिकू लागला की माजघरातला वास थेट ओटीपर्यंत येतो. २०१८ साली रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकनही मिळाले. पण या राजबिंड्या फळाच्या पोटात कधी कधी साका निघतो. वरून काही म्हणता काही कळत नाही. जावई पहिल्यांदा आंब्याच्या जेवणाला आले, तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात सहा आंबे कापले, त्यांतले चार साक्याचे निघाले! त्या दिवशी जावयांना केळ्याच्या शिकरणीवर समाधान मानावे लागले. हा दोष घालवण्यासाठी वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने नीलम आणि हापूस यांचा संकर करून 'रत्ना' ही जात काढली. तिच्यात साका नसतो. पण आमच्याकडची वडील मंडळी रत्ना खातात आणि म्हणतात, "चांगला आहे, पण हापूस तो हापूस."

पायरीची गोष्ट वेगळी. आमच्या आईचा दंडकच होता, फोडी हापूसच्या आणि रस पायरीचा. पायरीच्या खांद्यावर लाली असते, रसाला किंचित आंबटपणा असतो, आणि म्हणूनच दुसरी वाटी मागावीशी वाटते. दोष एकच, ती टिकत नाही. आज पिकली की आजच खायला हवी. पाहुणे उद्या येणार असतील तर पायरी आणू नये.

लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात सासूबाईंनी माझ्यापुढे टोपलीभर गोटीआंबे ठेवले. मी इकडे तिकडे पाहू लागले. त्या म्हणाल्या, "सुरी शोधू नकोस. हा कापायचा नसतो, चोखायचा असतो." देशावर आंब्याचा रस म्हणजे रायवळाचा रस. घंगाळात आंबे भिजत घालायचे, घरातल्या सगळ्या बायकांनी गोल बसून ते पिळायचे, रसात तूप आणि चिमूटभर सुंठ, आणि बरोबर कुरडई. एका पंगतीला दीड-दोनशे आंबे सहज लागत. सासूबाईंना हापूस आवडत नसे असे नाही, पण त्या म्हणत, "तो पेटीतला पाहुणा. वर्षाकाठी एकदा यावा आणि जावा."

आपल्या मंडळात इतरही पक्ष आहेत. आपल्या गोव्याच्या वहिनी मानकुरादापुढे दुसरा आंबा मानतच नाहीत. रंगाला फिका म्हणून पोर्तुगीजांनी त्याला 'मालकोराद' म्हटले आणि त्याचा मानकुराद झाला, असे सांगतात. रंगाला नावे ठेवली, पण चवीला कोण ठेवणार? हंगामाच्या तोंडी डझनाला हजारो रुपये मोजून गोवेकर तो घेतात. जुनागडच्या बेन केसराचा अभिमान सांगतात. १९३४ साली तिथल्या नवाबांनी त्याचा गर पाहून "हे तर केशर!" म्हटले, तेव्हापासून तेच नाव राहिले. आणि बनारसच्या भाभी म्हणतात, तुमचा हंगाम संपला की आमचा लंगडा येतो. पिकला तरी हिरवाच राहतो, म्हणून डोळ्यांनी नव्हे, नाकाने निवडावा लागतो.

हे नाकाने निवडणे आपण सगळ्यांनीच शिकायला हवे. कार्बाइड घालून आंबे पिकवायला कायद्याने बंदी आहे, तरी असे आंबे बाजारात सापडतात. साल एकसारखी पिवळीधमक, देठाशी वास मुळीच नाही आणि आत गर आंबट, असा आंबा दिसला की परत करावा. त्यापेक्षा तयार झालेले कच्चे आंबे आणून घरी गवताची आढी लावावी. आठ-दहा दिवस धीर धरावा लागतो, एवढेच.

आता कबुली.

आमच्या माहेरच्या परड्यात कलमांखेरीज पाच रायवळ होते. प्रत्येकाला नाव होते. खोबऱ्या, साखऱ्या, आंबट्या, बिटका आणि न्हाणीमागचा शेपू. या शेपूच्या रसाला खरोखर शेपूच्या भाजीसारखा वास येई. आम्हा पोरांना तो सोसत नसे; पण वडील भाकरीबरोबर तोच खात, आणि आई त्याचे गूळ-मोहरी घालून कोयाडे करी. २००९ साली, आईवडील गेल्यावर, घर नव्याने बांधायचे ठरले. झाड आड येत होते. लाकडाचा व्यापारी दारात आला होता. भावाने संमतीचा कागद पाठवला आणि मी त्यावर सही केली. विचारसुद्धा केला नाही. मनात म्हटले, रायवळ तर आहे! हापूसचे झाड असते तर मी दहा प्रश्न विचारले असते.

पुढच्या वैशाखात माहेरी गेले. वहिनीने हौसेने कोयाडे केले होते. पहिला घास घेतला आणि काहीतरी चुकले असे वाटले. वहिनी म्हणाली, "वन्सं, तो वास आता कुठून येणार?"

मी स्वतःची समजूत घातली की शेपूच्या कोयी पुष्कळ ठिकाणी रुजल्या असतील. आमच्या चुलत्यांच्या आवारात एक खात्रीने रुजली होती. पुढे त्या झाडाला आंबे धरले, तेव्हा मी मुद्दाम जाऊन खाल्ले. आंबा मोठा होता, आंबटगोड होता. पण शेपूचा वास नावालाही नव्हता. तेव्हा चौकशी केल्यावर मला कळले, ते आधी कळायला हवे होते. आपल्याकडच्या आंब्याची कोय लावली तर आईसारखेच झाड येत नाही. म्हणून प्रत्येक रायवळ हा जगात एकटाच असतो. तो तसाच पुढे चालवायचा तर कलमच बांधावे लागते. लखनौजवळच्या दशहरी गावातले एक झाड लोकांना आवडले, त्याची कलमे झाली, म्हणून आज दशहरी आंबा देशभर आहे. आमच्या शेपूच्या दहा काड्या कोणी कापून घेतल्या असत्या तर तोही राहिला असता. दहा काड्या! ओल्या फडक्यात गुंडाळून एस. टी.ने आणता आल्या असत्या.

भगिनींनो, हे सारे आज सांगायचे कारण तुमच्या ध्यानात आले असेल. मंडळाच्या मागच्या अंगणातला आंबा काढून तिथे शिवणवर्गाची खोली बांधावी, असा ठराव येत्या सभेपुढे आहे. फळे पडून चिखल होतो, पोरे दगड मारतात, हे खरे आहे. खोलीची गरजही खरी आहे. शिवणवर्गाच्या मुली जिन्यात बसून काजे करतात, हे मी रोज पाहते. त्यामुळे झाड राखाच, असा हट्ट मी धरणार नाही. ते सभेने ठरवावे, आणि तोडायचे ठरलेच तर रीतसर परवानगीही घ्यावी लागेल. माझे मागणे एवढेच आहे की, पावसाळा होईपर्यंत ठराव पुढे ढकलावा आणि त्याआधी त्या झाडाची कलमे बांधून घ्यावीत.

काम अवघड नाही. कोकणात याला कोयकलम म्हणतात. मृगाच्या पावसात ताज्या कोयी रुजत घालायच्या. रोप वर येऊन दहा-पंधरा दिवसांचे झाले, पाने अजून तांबूस आहेत, तोच ते मध्ये चिरायचे आणि मूळ झाडाची तीन-चार महिन्यांची काडी पाचरीसारखी तासून त्यात बसवायची, वरून पट्टी बांधायची. काडी कापण्याच्या आठवडाभर आधी तिची पाने देठ ठेवून काढून टाकायची. माझ्या ओळखीचे एक माळीबुवा येऊन शिकवायला तयार आहेत. सगळी कलमे जगणार नाहीत, म्हणून पंचवीस तरी बांधू या. ज्यांच्या गावी जागा आहे त्यांनी एकेक न्यावे.

आता निकाल. या व्यासपीठाशेजारी जी टोपली झाकून ठेवली आहे, तिच्यात हापूस नाही, पायरी नाही, केसरही नाही. मागच्या अंगणातले आंबे आहेत. मी पडलेले नव्हे, झेल्याने काढून घेतले आणि घरी आढीत पिकवले. आपल्यापैकी कितीजणींनी ते कधी खाल्ले आहेत, हे मी विचारत नाही. मी स्वतः या वर्षापर्यंत खाल्ले नव्हते. कार्यक्रम संपल्यावर प्रत्येकीने एक घ्यावा, चोखून खावा आणि मग सभेत मत द्यावे.

कोय मात्र टाकू नका. दाराशी बादली ठेवली आहे, तिच्यात टाका.