प्रतिध्वनीची पेटी



या व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय आमच्यावरच सोपविला होता. कामगार-संघटनेचा माणूस म्हटला की तो महागाई भत्ता, कंत्राटी पद्धत आणि बोनस यांवर बोलणार, असे गृहीत धरून तुम्ही आला असाल. त्या विषयांवर आम्ही वर्षाचे तीनशे दिवस बोलतोच. ऐकणारे कंटाळले नसले तरी आमचा घसा कंटाळला आहे. आज आम्ही एका विटेएवढ्याही नसलेल्या धातूच्या डबीविषयी बोलणार आहोत. गिटार वाजविणारी मुले तिला 'डिजिटल डिले पेडल' म्हणतात. ऑर्केस्ट्रावाले आणि बॅन्जोपार्टीवाले नुसते 'इको' म्हणून भागवितात. हा विषय आम्ही का निवडला, ते सांगितल्याशिवाय पुढे जाणे बरे नव्हे, कारण त्यात आमची एक चूक आहे आणि ती चूक काही माणसांना महागात पडली.

आमच्या युनियनचे एक कलापथक आहे. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांनी १९४४ साली लाल बावटा कलापथक उभे केले. त्यांची परंपरा आम्ही सांगावी एवढी आमची योग्यता नाही, पण सभेआधी गाणे हवे ही रीत आम्ही त्यांच्याकडूनच घेतली. या पथकात एक कंत्राटी कामगार पोरगा गिटार वाजवितो. त्याने ओव्हरटाइमचे पैसे साठवून हे पेडल जुन्या बाजारातून घेतले. काही वर्षांपूर्वी एका कारखान्याच्या दारात आमची सभा होती. व्यवस्थापनाने कराराचा एक प्रस्ताव ठेवला होता आणि तो फेटाळावा असे कमिटीने ठरविले होते. पहिल्या पाळीचे लोक बाहेर पडत होते, दुसऱ्या पाळीचे आत जायचे होते. पथकाचे गाणे झाले. गाण्यासाठी त्या मुलाने माइकची वायर पेडलमधून घेतली होती. गाणे संपताच त्याने पेडल बंद केले आणि तो बाजूला झाला. आम्ही माइकपुढे गेलो आणि नकळत आमचा पाय त्या पट्टीवर पडला.

पट्टीवरचा तांबडा दिवा लागला. आमचा आवाज आम्हांलाच एकाएकी भारदस्त वाटू लागला. खरे सांगायचे तर आम्ही त्या आवाजावर खूश झालो. पोरगा हातवारे करीत होता, "अण्णा, पाय! अण्णा, इको!" आम्ही त्याला हाताने गप्प बसविले. आणि मग आम्ही सभेतले मुख्य वाक्य उच्चारले: "हा प्रस्ताव आम्हांला मान्य नाही!"

पेडलमध्ये तेव्हा ०.६ सेकंदाचा अवकाश लावलेला होता, गाण्याच्या लयीप्रमाणे. आम्ही सभेत शब्द सावकाश, तोडून बोलतो. 'मान्य' हा शब्द गेला आणि बरोबर सहा दशांश सेकंदाने, आमच्या तोंडून 'नाही' निघत असताना, कर्ण्यातून दुसऱ्यांदा 'मान्य' आला. तो विरण्याआधी तिसरा. पुढच्या रांगांनी आमचे ओठ पाहिले, आमचा आवेश पाहिला, आणि घोषणा सुरू केल्या. मागे, रस्त्यापलीकडे उभे असलेल्या लोकांपर्यंत 'मान्य, मान्य' एवढेच पोचले, वर घोषणांचा कल्लोळ. त्यांना वाटले, करार झाला. आनंदाच्या घोषणा चालल्या आहेत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांतल्या कित्येकांनी गेटवर ठेवलेल्या कागदांवर सह्या केल्या. त्या सह्या मागे घेण्याची खटपट आम्ही पुढे कित्येक महिने करीत होतो आणि सगळ्या काही मागे घेता आल्या नाहीत. एक जुना सभासद आमच्या कचेरीत आला, वर्गणीचे पावतीपुस्तक टेबलावर ठेवले आणि म्हणाला, "अण्णा, तुमच्या तोंडून ऐकलं म्हणून सही केली." तो पुन्हा आला नाही.

सबब पुढच्या रविवारी आम्ही त्या पोराला कचेरीत बोलावले आणि म्हटले, "बाबा रे, ही पेटी काय करते ते आम्हांला शिकव." आमचे शालेय शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढे जे काही झाले ते फौंड्रीत आणि नगरवाचनालयाच्या बाकावर. तेव्हा शिकायची लाज आम्हांला कधीच नव्हती. माइकपुढे मात्र ती अक्कल राहिली नाही, एवढेच.

मूळ गोष्ट तुम्हां सर्वांच्या अनुभवाची आहे. हवा साधारण उबदार असता आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. समोर १७ मीटरवर भिंत असेल तर जाऊन-येऊन ३४ मीटर होतात आणि एक दशांश सेकंदाने तुमचाच आवाज तुम्हांला परत भेटतो. विजापूरच्या गोलघुमटात तुमच्यापैकी अनेकांनी टाळी वाजवून पाहिली असेल. मुहम्मद आदिलशहाच्या कबरीवरचा तो घुमट एक टाळी पुनःपुन्हा परत करतो. पेडल म्हणजे खिशातला गोलघुमट. फरक इतकाच की याची भिंत नॉब फिरवून जवळ किंवा दूर सरकविता येते.

हे साधण्यासाठी माणसाने प्रथम फीत वापरली. ध्वनिफितीवर एका ठिकाणी आवाज नोंदवायचा आणि फीत दोन इंच पुढे सरकल्यावर तो वाचायचा. फीत सेकंदाला पंधरा इंच धावत असेल तर दोन इंच जायला सुमारे ०.१३ सेकंद लागतो. अमेरिकेत मेम्फिस येथे सॅम फिलिप्स यांच्या सन स्टुडिओत १९५४ साली एल्विस प्रेस्लीच्या पहिल्या तबकड्या निघाल्या, त्यांत ऐकू येणारा तो चटकन परतणारा एकच पडसाद असाच फितीने काढलेला आहे. लंडनच्या चार्ली वॉटकिन्स यांनी १९५८ साली 'कॉपीकॅट' नावाची फितीची पेटी बाजारात आणली. फीत झिजते, ताणते, तिच्यावर धूळ बसते. यंत्रशाळेत वावरलेल्या माणसाला हे सांगावे लागत नाही; फिरणारा भाग आला की देखभाल आली.

मग १९६९ साली फिलिप्स कंपनीच्या संशोधनशाळेत सँगस्टर आणि टीअर यांनी एक युक्ती काढली. गावात आग लागली म्हणजे विहिरीपासून घरापर्यंत माणसे रांगेने उभी राहतात आणि बादली हातोहात पुढे जाते. त्यांच्या तुकड्यात विजेचा भार असाच एका खान्यातून दुसऱ्या खान्यात पुढे जातो आणि शेवटी पोचायला वेळ लागतो. तो वेळ हाच प्रतिध्वनी. त्या योजनेचे नावच बादल्यांच्या रांगेवरून पडले आहे. पण रांग लांब असली की थोडे पाणी सांडतेच. म्हणून या जातीच्या पेट्यांचा पडसाद किंचित मंद, मऊ येतो. कित्येक वादकांना तो मऊपणाच आवडतो, आणि आमच्या पोरालाही तसले पेडल घ्यायचे आहे.

डिजिटल पेटीत सांडलवंड नाही. तीत आवाजाचे आकडे होतात. काँपॅक्ट डिस्कवर सेकंदाला ४४,१०० वेळा आवाज मोजलेला असतो. पेडलातही अशीच अविरत मोजणी चालते. आम्हांला हे कळले ते असे. एक गोल टेबल आहे आणि त्याच्या कडेने हजारो खण आहेत. एक कारकून खणाखणांत आकडा टाकीत फेऱ्या मारतो. दुसरा त्याच्यामागून त्याच वेगाने चालतो आणि खणातला आकडा मोठ्याने वाचतो. दोघांत जितके अंतर, तितका उशीर. आता दुसऱ्याने वाचलेला आकडा थोडा कमी करून पहिल्याने नव्या आकड्यात मिळविला, तर प्रतिध्वनीचाही प्रतिध्वनी निघतो आणि हळूहळू विरतो. पेटीत याहून गूढ असे काही नाही. अशी यंत्रे १९७१ च्या सुमारास स्टुडिओंत आली, पण ती कपाटात बसवायची आणि श्रीमंतांनी घ्यायची. पायाखाली मावेल अशी डिजिटल पेटी जपानच्या बॉस कंपनीने १९८३ साली डीडी-२ या नावाने काढली, तिच्यात ०.८ सेकंदापर्यंत उशीर मिळे. १९८६ साली डीडी-३ आली. आमच्या पोराची पेटी याच घराण्यातली.

आता जोडणी. गिटारची वायर उजव्या बाजूच्या भोकात, डावीकडून ॲम्प्लिफायरला. आत ९ व्होल्टची बॅटरी बसते, पण डिजिटल पेट्या बॅटरी फार खातात. आणि वायर आत खुपसलेली असेपर्यंत, वाजवा अथवा न वाजवा, बॅटरी चालूच असते. अॅडॉप्टर वापरावा तर या कंपनीच्या पेट्यांना मधली टोचणी ऋण आणि बाहेरचे कडे धन असा लागतो. घरातल्या दुसऱ्या उपकरणाचा अॅडॉप्टर बसतो म्हणून लावला तर उलटा वीजप्रवाह जाऊ शकतो. बसणे आणि जुळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वर लिहिलेले वाचून घ्यावे.

आवाज फाडणारे डिस्टॉर्शन पेडल असेल तर ते आधी आणि डिले मागाहून. उलट केले तर मूळ सूर आणि त्याचे सगळे पडसाद एकत्रच चिरडले जातात आणि नुसता चिखल होतो. ॲम्प्लिफायर स्वतःच आवाज फाडत असेल तर पाठीमागे 'सेंड' आणि 'रिटर्न' अशी भोके असल्यास डिले त्यांच्यामध्ये लावावा.

पेटीवर चार नॉब आहेत. एकाने पडसाद किती मोठा ते ठरते, दुसऱ्याने तो किती वेळा परतावा, तिसऱ्याने किती उशिराने. चौथ्याने उशिराचा पल्ला निवडायचा: पन्नास सहस्रांश सेकंदापर्यंत, दोनशेपर्यंत, की आठशेपर्यंत, शेवटी 'होल्ड' आहे, त्यात पट्टी दाबलेली असेपर्यंत वाजविलेला तुकडा तेवढा फिरत राहतो. पोराचा क्रम आम्हांला पटला. प्रथम पडसादाचा आवाज शून्यावर ठेवून गिटारचा मूळ सूर नीट जुळवायचा. मग पल्ला निवडायचा, परतण्याचा नॉब खाली ठेवायचा आणि उशीर लावायचा. शेवटी पडसाद हळूहळू वर आणायचा, आणि तो स्पष्ट ऐकू आला की थोडा मागे घ्यायचा. आम्ही अधीरपणे परतण्याचा नॉब शेवटपर्यंत फिरविला, तेव्हा पडसाद विरण्याऐवजी वाढत गेला आणि शेजारच्या बिऱ्हाडातून माणूस चौकशीला आला.

उशीर किती ठेवावा याचा हिशेब त्रैराशिकाचा आहे. एका मिनिटात टाळ्या मोजाव्यात आणि ६०,००० ला त्या संख्येने भागावे. एका टाळीला किती सहस्रांश सेकंद ते निघते. आमच्या पथकाचे गाणे मिनिटाला शंभर टाळ्यांचे होते, म्हणून ६००. हाच तो आकडा, ज्याने आमच्या 'नाही'चा घात केला. मिनिटाला १२० टाळ्या असतील तर ५००. त्याची पाऊणपट ३७५. ही पाऊणपट युक्ती आयर्लंडच्या यूटू या वाद्यवृंदाच्या गिटारवादकाने फार गाजविली. १९८७ च्या त्यांच्या 'व्हेअर द स्ट्रीट्स हॅव नो नेम' या गाण्याच्या आरंभी ती ऐकता येते. वादक साधे सूर टाकतो, पण पडसाद दोन सुरांच्या मधल्या जागी पडतात आणि दोन माणसे वाजवीत आहेत असा भास होतो. आमच्या पोराने ते करून दाखविले, तेव्हा ढोलकीवाला म्हणाला, "हे तर तिसरं वाद्य झालं." गाण्यात हे शोभते, कारण गाण्यात लय आधीच ठरलेली असते. बोलणाऱ्याची लय कोणी ठरविलेली नसते.

भाषणाचे शास्त्र वेगळे आहे, आणि ते आमच्या आधी पुष्कळ वर्षे मांडले गेले होते याचा आम्हांला पत्ता नव्हता. जर्मनीतील हेल्मुट हास यांनी एकाच प्रतिध्वनीचा भाषण ऐकण्यावर काय परिणाम होतो याचा अभ्यास केला आणि तो १९५१ साली प्रसिद्ध झाला. त्याचे सार असे की, पडसाद सुमारे तीस सहस्रांश सेकंदांच्या आत आला तर कान त्याला वेगळा धरीत नाही, उलट मूळ आवाजाला त्याची मदतच होते. उशीर वाढत गेला की तो शब्दांच्या आड येऊ लागतो. आम्ही लावला होता त्याच्या वीसपट.

यातून आम्हांला एक उपयोगाची गोष्ट सापडली. मैदानावर सभा असली की आम्ही कर्णे खांबांवरून लांबवर बांधतो. वायरीतून वीज तत्काळ जाते. शंभर मीटरवरचा कर्णा आमचा शब्द त्याच क्षणी बोलतो. पण व्यासपीठाजवळच्या कर्ण्याचा आवाज हवेतून तेथवर यायला २९२ सहस्रांश सेकंद लागतात. तिथे उभ्या माणसाला एकच शब्द दोनदा ऐकू येतो. मोठ्या जलशांत ध्वनियोजना करणारे लोक म्हणूनच लांबच्या कर्ण्यांना मुद्दाम तेवढाच उशीर लावतात, वर दहा-पंधरा सहस्रांश अधिक, म्हणजे आवाज व्यासपीठावरूनच येतो असे वाटते. ही यंत्रे वेगळी असतात, पण आत तेच दोन कारकून. माइकवाल्याशी आता आम्ही सभेआधी अंतर पावलांनी मोजतो. तो प्रथम हसला. आता तोच टेप घेऊन येतो.

कलापथकाची वायरही आता निराळी आहे. पेडल फक्त गिटारला. भाषणाचा माइक थेट मिक्सरला, मध्ये काही नाही. पेडल ठेवायची जागा पोराच्या खुर्चीखाली, आमच्या पायांपासून दूर. आणि सभेत महत्त्वाचे वाक्य आम्ही आता 'नाही' पासून सुरू करतो: "नाही! हा प्रस्ताव आम्ही स्वीकारत नाही." व्याकरणाच्या दृष्टीने त्यात एक 'नाही' जास्त आहे, ते असू द्या.

तो पोरगा आज इथे पेटी घेऊन आला आहे. चालकांनी दहा मिनिटे दिली आहेत. तो तेच गाणे आधी पडसादाशिवाय वाजवील, मग पडसाद लावून. त्यानंतर आम्ही आमचे ते वाक्य पेडलमधून म्हणून दाखवू. मागच्या रांगेतल्या मंडळींनी काय ऐकू आले ते हात वर करून सांगावे.