गाडीची हवा



आज जुन्या गाडीच्या चाकांविषयी बोलू. आपल्या नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, गावोगाव ओम्नी गाडी दिसते. ही गाडी १९८४ साली निघाली. २०१९ साली तिचे उत्पादन थांबले. तेव्हा जी दिसते ती जुनीच. तिच्यातून कांद्याच्या गोण्या जातात, बाळंतीण दवाखान्यात जाते, वऱ्हाडही जाते.

गाडी उंच आणि अरुंद. वळणावर ती मुळातच झुकते. त्यात हवा कमी असली, की टायरची बाजू दबते. तुम्ही स्टेअरिंग वळवता, पण गाडी जरा उशिराने वळते. पाथर्डीहून नगरला येताना करंजीचा घाट लागतो. तिथे हा उशीर परवडायचा नाही. शिवाय दबलेला टायर सारखा वाकतो, तापतो आणि भर उन्हात फुटतो.

मग ठासून हवा भरावी का? तेही नको. टायरचा मधला पट्टाच रस्त्याला टेकतो. गाडी उडते, ब्रेक नीट लागत नाही.

किती भरावी? आता तुम्हांला आकडे वाचता येतात. किती पौंड हवा भरायची ते गाडीच्या पुस्तकात छापलेले असते. पुढच्या व मागच्या चाकांचे आकडे वेगळे असू शकतात. गाडी भरलेली असली तर मागे जास्त लागते. टायरवर जो मोठा आकडा असतो ती शेवटची हद्द. तेवढी भरायची नसते. हवा सकाळी, टायर गार असताना मोजा. धावून टायर तापला की आकडा चढतो. तो बघून हवा सोडू नका.

टायर दोन जातींचे, नायलॉन आणि रेडियल. स्वस्त मिळाला म्हणून एकाच आसाला दोन जाती लावू नका. पुढे रेडियल आणि मागे नायलॉन, हे तर फारच वाईट. पुढची चाके रस्ता धरतात, मागची सुटतात, आणि गाडी गरकन फिरते. चारी सारखे घ्यावेत. दोनच नवे घेतले तर लोक ते पुढे लावतात. तसे न करता मागे लावा.

टायरवर तारखेचे चार आकडे असतात. २३१९ असले, तर तो टायर २०१९ सालच्या २३व्या आठवड्यातला. नक्षी चांगली दिसली तरी रबर जुने होऊन तडकते. बोटाने भेगा चाचपून बघा. आणि हो, स्टेपनीचीही हवा बघा.