राघूची माया



लहान मुलाला पहिल्यानं ओळखू येतात ते पक्षी म्हणजे चिऊ आणि काऊ. पण पाळावासा वाटतो तो राघू. कुणी त्याला विठू म्हणतं, कुणी मिठू. हिरवागार अंग, लाल बाकदार चोच, आणि वर माणसासारखं बोलणं! आज या राघूविषयी, आणि अलीकडे शहरांतल्या काही घरांतून दिसू लागलेल्या कॉन्यूर नावाच्या त्याच्या परदेशी भाऊबंदांविषयी चार गोष्टी सांगायच्या आहेत. पोपटाला बोलायला कसं शिकवावं, हा आजचा विषय नव्हे. पोपट माणसाला माया का लावतो आणि ती माया निभावायला आपल्याला काय करावं लागतं, हा विषय आहे.

आधी एक घरची हकीगत सांगतो.

१९६८च्या सुमाराची गोष्ट. मी दहा-अकरा वर्षांचा असेन. फाल्गुन महिन्यात एक माणूस टोपलीत पोपटाची पिल्लं घेऊन गावात आला. पिसंसुद्धा पुरती फुटलेली नव्हती. मी हट्ट धरला, आणि आजीनं पायलीभर ज्वारी देऊन एक पिल्लू घेतलं. भिजवलेली डाळ भरवून तिनं ते वाढवलं. त्याचे पंख कातरलेले असत, त्यामुळे पिंजऱ्याचं दार दिवसभर उघडंच असे. आजी निवडायला बसली की राघू तिच्या खांद्यावर. ओसरीवर चाहूल लागली की आजी आतून विचारी, "कोण आलं?" तेच तो शिकला. आल्यागेल्याला "कोण आलं?" म्हणून विचारी आणि सगळा गाव त्याचं कौतुक करी.

सहा-सात वर्षांनी आजी गेली. राघू बोलेनासा झाला. पुढं तो छातीवरची पिसं उपटू लागला. वडील म्हणाले, "बाळ, याला आता मोकळं करू. बिचाऱ्यानं फार भोगलं." पंख तोवर पुन्हा वाढले होते. मी पिंजरा मागच्या दारी नेला आणि त्याला बाहेर काढला. तो धडपडत चिंचेवर जाऊन बसला. संध्याकाळी पोपटांचे थवे डोक्यावरून गेले, पण हा त्यांच्यात गेला नाही. अंधार पडेपर्यंत चिंचेवरून "कोण आलं? कोण आलं?" म्हणत राहिला. सकाळी झाडाखाली हिरवी पिसं पडलेली होती. मांजरानं नेला की घुबडानं, ते काही कळलं नाही.

आम्हाला वाटलं होतं, आपण पुण्य केलं. आमचं चुकलं काय, हे मला पुष्कळ वर्षांनी पोपटांविषयी वाचताना कळलं.

पोपट हा थव्यात राहणारा पक्षी आहे. तो एकटा चरत नाही आणि एकटा झोपत नाही. कणसावर उतरताना आणि रात्री वस्तीच्या झाडावर परतताना ते एकमेकांना सारखी साद घालत असतात. 'मी इथं आहे, तू कुठं आहेस?' असा त्या सादेचा साधा अर्थ. दक्षिण अमेरिकेत व्हेनेझुएला देशात चिमुकल्या जंगली पोपटांवर झालेला एक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. तिथं असं दिसून आलं, की आईबाप ढोलीतल्या प्रत्येक पिल्लाला वेगळी साद देतात. एका अर्थी नावच ठेवतात म्हणा ना! संशोधकांनी काही घरट्यांतली अंडी बदलून पाहिली, तर पिल्लांनी रक्ताच्या आईबापांची नव्हे, वाढवणाऱ्या आईबापांची साद उचलली.

आता आमच्या राघूकडे पाहा. डोळे उघडून जग बघायच्या वयात त्याला ढोलीतून काढलं. त्याचा थवा म्हणजे आजी, आणि थव्याची साद म्हणजे "कोण आलं?" त्या रात्री चिंचेवरून तो आपल्या थव्याला हाक मारत होता. रानात खायचं कुठं, घुबडापासून लपायचं कसं, हे त्याला शिकवायला कुणीच नव्हतं. तेव्हा सांगायचं ते हे, की पोपटाची माया खरी असते, पण आपण त्याचे सगळे गणगोत झालो म्हणून ती आपल्या वाट्याला येते. एवढी जबाबदारी पेलत असेल त्यानंच ती माया मागावी.

शिक्षक मंडळींसाठी इथं एक गोष्ट सांगून ठेवतो. अर्थ न समजता केलेल्या पाठांतराला आपण पोपटपंची म्हणतो. हा पोपटावर थोडा अन्यायच आहे. अमेरिकेत आयरिन पेपरबर्ग या विदुषींनी १९७७ साली अ‍ॅलेक्स नावाचा आफ्रिकेतला करडा पोपट घेतला आणि २००७ साली तो मरेपर्यंत त्याला शिकवलं. त्याला रंग सांगता येत, आकार सांगता येत, सहापर्यंत वस्तू मोजता येत, दोन वस्तूंत सारखं काय आणि वेगळं काय तेही सांगता येई. शिकवण्याची रीत मोठी पाहण्यासारखी होती. दोन माणसं त्याच्यासमोर बसत. एक वस्तू दाखवून नाव विचारी, दुसरा उत्तर देई, आणि उत्तर बरोबर आलं की ती वस्तूच त्याला मिळे. पोपट बघे, त्यालाही हवीशी वाटे, आणि तो नाव उच्चारू लागे. शब्द आणि वस्तू यांची गाठ पडली की पोपटसुद्धा पोपटपंची करत नाही, हे वर्गात लक्षात ठेवण्याजोगं आहे.

आता कायद्याचं पाहू. आपला राघू, खांद्यावर तांबडा डाग असलेला मोठा पोपट, जांभळट डोक्याचा लहान पोपट, हे सारे देशी पोपट १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं संरक्षित आहेत. २०२२ साली या कायद्यात सुधारणा झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. देशी पोपट पकडणं, विकणं, विकत घेणं किंवा घरी पाळणं हा गुन्हा आहे, आणि त्याला कैद वा दंड होऊ शकतो. पुष्कळांना हे ठाऊक नसतं. बाजारात मिळतो तर चालत असेल, असं वाटतं. तसं नाही. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, टोपलीतल्या एका पिल्लामागं ढोली फोडताना किंवा वाटेत मेलेली त्याची भावंडं असतात, हे विसरून चालणार नाही.

मग घरात पक्षी हवाच असेल त्यानं काय करावं? इथं कॉन्यूरची गोष्ट येते. हे मध्य आणि दक्षिण अमेरिकेतले लांब शेपटीचे पोपट. हिरव्या गालाचा कॉन्यूर वीतभरापेक्षा थोडा मोठा, वजनानं ६० ते ८० ग्रॅम. सूर्य कॉन्यूर पिवळा-केशरी, दिसायला फार देखणा, पण आवाज असा की शेजारी तक्रार घेऊन यावेत. हा सूर्य कॉन्यूर त्याच्या मूळ देशांत, गयाना आणि उत्तर ब्राझीलमध्ये, पिंजऱ्यासाठी पकडून पकडून दुर्मीळ झालेला आहे. आपल्याकडे असे पक्षी पाळता येतात, पण २०२४ साली निघालेल्या नियमांप्रमाणे त्यांची सरकारदरबारी नोंद करावी लागते. पुढं पिल्लं झाली, पक्षी मेला किंवा दुसऱ्याला दिला, तर तेही कळवावं लागतं. म्हणून पिंजऱ्यातच जन्मलेला आणि कागदपत्रं असलेलाच पक्षी घ्यावा.

माझ्या पुतणीनं पुण्यात असा एक हिरव्या गालाचा कॉन्यूर घेतला आहे. तिनं त्याच्याशी मैत्री कशी केली ते मी जवळून पाहिलं. पहिले आठ दिवस तिनं पिंजऱ्यात हातच घातला नाही. नुसती जवळ बसून वाचायची, हळू आवाजात बोलायची. मग राळ्याचं कणीस जाळीतून पुढं करू लागली. पक्षी मागं सरला की हात मागं. पुढं आला की दोन दाणे. पंधरवड्यानं तो हातातून खाऊ लागला. मग दार उघडून तिनं बोट त्याच्या पोटाशी धरलं आणि म्हणाली, "ये." तो चढला की लगेच दाणा. मी म्हटलं, "अगं, हातमोजा घालून एकदा धर ना, भीती मोडेल." तर म्हणते, "काका, धरलं तर भीती मोडत नाही, विश्वास मोडतो." मला तिचं म्हणणं पटलं.

चावा तिनंही खाल्ला. पण पोपट सांगितल्याशिवाय क्वचितच चावतो. डोळ्यांतली बाहुली भराभर लहानमोठी होते, पिसं फुलतात किंवा अंगाशी चापून बसतात, मान पुढं येते. ही भाषा वाचावी आणि हात आवरावा. चावलाच तर ओरडू नये, मारू तर मुळीच नये. शांतपणे त्याला खाली ठेवून पाठ फिरवावी. ओरडण्याचा त्याला खेळच वाटतो. ओळख झाली की तो मान खाली घालून डोकं पुढं करतो. तिथं हळुवार खाजवावं. थव्यात पोपट एकमेकांची मान अशीच विंचरतात. पाठीवरून आणि पंखाखालून मात्र हात फिरवू नये. त्यामुळे वयात आलेला पक्षी माणसाला जोडीदार समजतो, आणि मग चिडचिडा होतो.

राहायला पिंजरा असा हवा, की दोन्ही पंख पसरले तरी कुठं लागू नयेत. बसायला गुळगुळीत दांडी नको, त्यानं पायाला जखमा होतात. पेरूच्या, लहानमोठ्या जाडीच्या फांद्या द्याव्यात. कुरतडायला लाकूड द्यावं. नुसत्या सूर्यफुलाच्या बियांवर ठेवलेला पक्षी चरबी चढून आजारी पडतो. त्याला मोड आलेले मूग, गाजर, पालेभाजी, मका, पेरू द्यावा. मिरची त्याला खुशाल द्यावी, कारण मिरचीचा तिखटपणा पक्ष्यांना लागतच नाही! मीठ-मसाल्याचं अन्न, चहा, चॉकलेट आणि अ‍ॅव्होकॅडो हे मात्र देऊ नये. यांतले शेवटचे दोन तर विषच. पिंजरा स्वयंपाकघरात नको. न चिकटणारा तवा फार तापला तर त्यातून निघणारी वाफ पक्ष्याचा जीव घेते. रोज तास-दोन तास त्याला बाहेर सोडावं, पण त्याआधी छताचा पंखा बंद आणि खिडक्या बंद. रात्री दहा-बारा तास अंधार आणि झोप. विष्ठा कोरडी झाडू नये, पाणी शिंपडून पुसावी आणि हात धुवावेत. पोपटांपासून माणसाला एक प्रकारचा ताप येतो. खोकला-ताप आला तर घरात पक्षी आहे हे डॉक्टरांना आवर्जून सांगावं.

एवढं सगळं वीस-पंचवीस वर्षं करायचं, बरं का! दहावीतल्या मुलानं आणलेला पक्षी त्याच्या मुलाच्या शाळाप्रवेशापर्यंत जगू शकतो. मधल्या काळात नोकरी, लग्न, बदली, आईवडिलांचं म्हातारपण, सगळं येणार. घर दिवसभर रिकामं राहत असेल तर पक्षी आणूच नये. कंटाळलेला पोपट किंचाळतो, आणि मग आमच्या राघूसारखी स्वतःची पिसं उपटतो.

ज्यांच्या घरी आज देशी राघू आहे त्यांना हात जोडून विनंती, की आमच्यासारखं अंगणात नेऊन दार उघडू नका. वनखात्याला कळवा. अशा पक्ष्यांना आधी उडायला आणि खाणं शोधायला शिकवून मग थव्यात सोडावं लागतं. जे उडण्याच्या पलीकडे गेले, त्यांची सोय तिथंच होते. परदेशी पक्षीही कंटाळा आला म्हणून रानात सोडू नये.

आणि शाळेतल्या मुलांनी काय करावं? गुरुजींनी त्यांना गावातली ढोलीची झाडं दाखवावीत. जुना वड, पिंपळ, वाळलेला माड. माघ-फाल्गुनात लांबूनच बघावं. ज्याच्या गळ्यात काळी-गुलाबी कंठी तो नर; तो मादीला कसा भरवतो ते दिसेल. अंडी साधारण तीन-चार आठवड्यांत उबतात आणि पिल्लं सहा-सात आठवड्यांत उडतात. तारखा वहीत मांडाव्यात. संध्याकाळी वस्तीच्या झाडाखाली बसून थवे मोजावेत. ढोलीत हात घालायचा नाही, हा पहिला नियम.

शेतकरी बंधूंना राघू कणसाचा आणि पेरूचा चोर वाटतो, आणि त्यात खोटं काही नाही. गोफण फिरवा, हाकारे घाला, राखण करा. पण फासा लावून पक्षी विकू नका, आणि बांधावरचं ढोलीचं जुनं झाड शक्य तोवर राहू द्या.

आजीचा तो पिंजरा अजून माझ्या माळ्यावर आहे. मोडीत घातला नाही. घरात कुणी पोरानं राघूचा हट्ट धरला, की मी तो खाली काढतो आणि ही हकीगत सांगतो. मग आम्ही दोघं संध्याकाळी गावाबाहेरच्या वडाखाली थवे बघायला जातो. आजवर तरी कोणी पोर नाराज होऊन परत आलेलं नाही. तुम्हीही एकदा जाऊन पाहा.