कुंडीखालची ताटली

माझ्या हातात ही छोटी बाटली आहे, गवती चहाच्या तेलाची. गेल्या पावसाळ्यापर्यंत माझा हिच्यावर फार विश्वास होता. दिवेलागणीला पणतीत चार थेंब टाकायचे. घरभर वास पसरला की डासांची काळजी मिटली, असं मी समजत होते. मग माझ्या मुलीला डेंगी झाला. पाच दिवस ती दवाखान्यात होती. तिच्या उशाशी बसून मी विचार करायचे, तेल खोटं की माझंच काही चुकलं?

तेल खोटं नाही. त्यातला मुख्य घटक सिट्रल. तो जिवाणूंच्या आणि बुरशीच्या पेशींचं आवरण बिघडवतो. डासांनाही तो दूर ठेवतो. पण तो हवेत चटकन उडतो, म्हणून तर वास येतो. आणि उडून गेला की संरक्षणही जातं. याच कुळातल्या सिट्रोनेला गवताच्या तेलाची उत्पादनं 2002 साली अमेरिकेत तपासली गेली. त्वचेवर त्यांचा परिणाम 20 मिनिटांपलीकडे टिकला नाही. 23.8 टक्के डीट असलेलं रासायनिक औषध सुमारे पाच तास टिकलं. आपल्या नाकाला मात्र नंतरही मंद वास येत राहतो आणि आपण निर्धास्त होतो.

दुसरी चूक वेळेची. डेंगी पसरवणारा एडिस डास मुख्यतः दिवसा चावतो. माझी पणती लागायची ती संध्याकाळी!

मुलगी घरी आल्यावर मी सगळं घर धुंडाळलं. अळ्या सापडल्या त्या गवती चहाच्याच कुंडीखालच्या ताटलीत. अंड्यापासून डास तयार व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. शिवाय ताटलीला चिकटलेली अंडी कोरडी पडूनही कित्येक महिने तग धरतात. म्हणून नुसतं पाणी ओतून देऊ नका, ताटली घासून काढा. दर आठवड्याला.

तेल जरूर वापरा, पण खोबरेलात मिसळून, आधी हातावर थोडं लावून बघून. तान्ह्या बाळाला लावू नका आणि बाटली मुलांच्या हाती लागू देऊ नका. पोटात गेलं तर ते घातक ठरू शकतं.

आमच्या घरी गवती चहा अजून आहे. ताटली मात्र मी काढून टाकली.