राहुलाला सांगितलेली आत्मपरीक्षणाची रीत

देहात किंवा मनात नित्य, अविकारी असा कोणताही आत्मा सापडत नाही, या सिद्धांताला बौद्ध दर्शनात अनात्मवाद म्हणतात, आणि म्हणूनच त्या परंपरेतील आत्मपरीक्षण हे आत्म्याचा शोध नसून कर्माची तपासणी असते. तिची रीत मज्झिम निकायातील अंबलट्ठिक राहुलोवाद सुत्तात आली आहे. बालवयातच श्रामणेर, म्हणजे उपसंपदा न झालेला नवदीक्षित, झालेल्या आपल्या पुत्राला, राहुलाला, बुद्ध विचारतात की आरसा कशासाठी असतो, आणि पाहण्यासाठी असे उत्तर येताच, काया, वाचा व मन यांनी होणारे प्रत्येक कर्मही तसेच पाहून करावे, असे सांगतात. हे पाहणे कर्मापूर्वी, कर्म चालू असताना आणि ते झाल्यावर असे तीनदा व्हावयाचे असते. त्यातून स्वतःला, दुसऱ्याला किंवा दोघांनाही पीडा होते काय, ही त्याची कसोटी.

यातील मधली वेळ फार मोलाची आहे, कारण हाती घेतलेले काम अनिष्ट ठरत असल्याचे कळूनही केवळ आरंभ केला म्हणून ते तडीस नेण्याचा हट्ट माणूस धरतो, आणि हा उपदेश त्याला अर्ध्यावर थांबावयास सांगतो. घडून गेलेला कायिक वा वाचिक दोष शास्त्यापाशी किंवा सुज्ञ सहचाऱ्यापाशी उघड करावा, मनातील अकुशल विचाराची मात्र लाज व शिसारी बाळगून पुढे संयम राखावा, असा सूक्ष्म भेदही तेथे केलेला आहे. कर्म निर्दोष आढळल्यास आनंदाने राहावे, हेही त्याच सुत्तात आहे. आत्मपरीक्षण म्हणजे आत्मपीडा मानणाऱ्यांनी ते अवश्य ध्यानात घ्यावे.

हा विचार केवळ भिक्षूंपुरता नव्हता. राजस्थानातील बैराट येथे सापडलेल्या शिलालेखात सम्राट अशोकाने भिक्षु-भिक्षुणींबरोबर उपासक-उपासिकांनीही वारंवार ऐकावेत व मनन करावेत अशा सात धर्मग्रंथांची नावे दिली असून, त्यांत खोटे बोलण्याविषयी राहुलाला केलेल्या उपदेशाचा समावेश आहे.

तरीही एकट्याची नजर अपुरी पडते, हे संघाने ओळखले होते. तीन महिन्यांच्या वर्षावासाच्या अखेरीस होणाऱ्या पवारणा या विधीत भिक्षू उत्तरासंग, म्हणजे वरचे चीवर, एका खांद्यावर घेऊन उकिडवा बसतो आणि हात जोडून, आपला पाहिलेला, ऐकलेला किंवा संशय आलेला दोष दाखवून द्यावा, अशी विनंती संघाला तीन वेळा करतो. आणि या विधीचा आरंभ सर्वांत ज्येष्ठ स्थविरापासून होतो.