पाणी कोणाचे आणि अनुदान कोणाला?



मत्स्यव्यवसायासाठी शासनाने पैसा खर्च करावा काय, हा आज वादाचा विषय उरलेला नाही. बंदर, बर्फाचा कारखाना, शीतगृह, मत्स्यबीज केंद्र या गोष्टी एकट्यादुकट्या मच्छीमाराच्या ऐपतीबाहेरच्या आहेत. त्या समाजानेच उभारून द्यायला हव्यात. वाद आहे तो पुढच्या प्रश्नाचा. शासनाचा पैसा आला म्हणजे पाण्यावरचा हक्क कोणाच्या हाती जातो?

उत्पादनाचे आकडे डोळे दिपवणारे आहेत. १९५०-५१ साली देशाचे मत्स्योत्पादन सुमारे साडेसात लाख टन होते; २०२३-२४ साली ते १८४ लाख टनांच्या आसपास पोचले. हे यश नाकारण्याचे कारण नाही. परंतु टनांचा हिशेब म्हणजे माणसांचा हिशेब नव्हे.

या संदर्भात केरळचा अनुभव बोलका आहे. १९५२ साली भारत, नॉर्वे आणि संयुक्त राष्ट्रसंघ यांच्यात करार झाला आणि कोल्लमजवळच्या नींदकरा परिसरात प्रकल्प सुरू झाला. मच्छीमारांचे उत्पन्न वाढावे, आरोग्य सुधारावे, लहान यांत्रिक होड्या मिळाव्यात हा मूळ हेतू. साठच्या दशकात परदेशी बाजारात कोळंबीला भाव आला आणि प्रकल्पाचा रोख निर्यातीकडे वळला. काही मच्छीमारांचे भले झाले, हे खरे. पण ज्यांनी कधी वल्हे हाती धरले नव्हते असे व्यापारीही ट्रॉलरचे मालक झाले. समुद्राचा तळ खरवडणाऱ्या जाळ्यांनी किनाऱ्यालगतचे मासे आणि गरिबांची जाळी दोन्हींचा नाश आरंभला. गोव्यात रापणकारांना याच कारणासाठी सत्तरच्या दशकात रस्त्यावर उतरावे लागले. केरळ व गोवा येथे १९८० साली, महाराष्ट्रात १९८१ साली सागरी मासेमारी नियमनाचे कायदे झाले. अर्थसाहाय्य आधी आले. नियमन पाव शतकानंतर.

तोच क्रम कोळंबीच्या तळ्यांबाबत घडला. पूर्व किनाऱ्यावर तळी खोदली गेली, शेते व विहिरी खारावल्या, आणि १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाला हस्तक्षेप करावा लागला. २००५ साली संसदेने कायदा करून या धंद्याला पुन्हा वाट मोकळी केली. २०२३-२४ साली सागरी उत्पादनांची निर्यात साठ हजार कोटी रुपयांवर होती. त्यांतील सुमारे चाळीस हजार कोटी एकट्या गोठवलेल्या कोळंबीचे. आणि तिचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक अमेरिका. २०२५ च्या ऑगस्टमध्ये त्या देशाने भारतीय मालावर ५० टक्के आयातशुल्क लादले, तेव्हा आंध्रचा तळेवाला हवालदिल झाला. एका पिकावर आणि एका गिऱ्हाइकावर उभारलेली समृद्धी अशी परस्वाधीन असते.

आता अनुदानाचे गणित पाहावे. २०२० साली २०,०५० कोटी रुपयांची प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना जाहीर झाली. वैयक्तिक लाभाच्या कामांत सर्वसाधारण लाभार्थीला खर्चाच्या ४० टक्के, स्त्रिया व अनुसूचित जाति-जमातींना ६० टक्के साहाय्य, असे सूत्र ठरले. खोल समुद्रातील नौकेचा खर्च १२० लाख धरलेला. म्हणजे ४८ लाख अनुदान मिळवण्यासाठी ७२ लाख स्वतः उभे करावयाचे! ज्याच्याजवळ तारण आहे त्यालाच हे जमणार. दुसऱ्याच्या होडीवर हिश्श्याने राबणारा खलाशी आणि बाजारात पाटी घेऊन बसणारी कोळीण या सूत्रात कोठे बसतात? योजना गरिबाला नाकारत नाही. ती त्याच्या आवाक्याबाहेर उभी राहते, इतकेच.

याला पर्याय नाही असे नव्हे. मध्य प्रदेशात तवा धरणाने ४४ गावे उठवली. त्याच जलाशयावर पुढे ठेकेदाराचा मक्ता आला आणि विस्थापित आदिवासी आपल्याच बुडालेल्या शेतावर चोर ठरले. किसान आदिवासी संघटनेच्या लढ्यामुळे १९९६ साली मासेमारीचा हक्क त्यांच्या सहकारी संघाला मिळाला. मत्स्यबीज सोडणे, मासे पकडणे, विकणे, हिशेब ठेवणे ही सारी कामे त्या संघाने केली. दहा वर्षांनी वन्यजीव संरक्षणाचे कारण देऊन शासनाने तो करार पुढे चालवला नाही. संघाच्या अकार्यक्षमतेमुळे तो बुडाला नाही, हे ध्यानी घ्यावे.

महाराष्ट्र शासनाने २०२५ साली मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला, हे स्वागतार्ह होय. परंतु कृषीच्या इतिहासाने एक धडा दिला आहे : कुळाला जमिनीचा हक्क नसेल तर बियाण्याची सवलत जमीनदाराच्या घरी जाते. पाण्याच्या बाबतीतही तोच न्याय लागू आहे. म्हणून जलाशयांवर पहिला हक्क श्रम करणाऱ्यांच्या व विस्थापितांच्या सहकारी संस्थांचा असला पाहिजे. किनाऱ्यालगतचा पट्टा लहान होडीसाठी खरोखर राखला गेला पाहिजे. आणि मासळी विकणाऱ्या स्त्रियांना बर्फ, ओटे व स्वस्त कर्ज मिळाले पाहिजे.

कार्यकर्त्यांनी आपापल्या तालुक्यात लाभार्थींची यादी मागवावी आणि ती कोळीवाड्यात, भोईवाड्यात मोठ्याने वाचावी. त्या यादीतील किती जण स्वतः पाण्यात उतरतात, एवढे मोजले तरी चळवळीच्या पहिल्या मागणीचा मजकूर हाती येईल.